बैलबंडी, मूडल आणि भाड्याची जमीन

परवा रविवारी जेवण करून जरा आडवा झालो, तेवढ्यात भाचीचा फोन आला. आता ती डॉक्टर झाली आहे, एका मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमीची ट्यूटर आहे आणि जोडीला पीजीची तयारी करते आहे. म्हणाली, "मामा, तुम्ही मागे ते काहीतरी केलं होतं ना, कॉम्प्युटरमधल्या गावात पोरांना नेऊन शिकवायचं? आमच्या इकडे कमिटी बसली आहे. हेडसेट डोक्याला लावून डिसेक्शन शिकवायचं आणि ते सगळं कॉलेजच्या एलएमएसला जोडायचं म्हणतात. सगळ्यात लहान म्हणून माझंही नाव टाकलं कमिटीत. काय विचारू मी त्या लोकांना?"

मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्यावर मुद्दाम आजीच्या आवाजात, "विचार कराले किती दिवस लागन बाप्पा तुम्हाले!" आणि फोन बंद.

तर हे त्याचं उत्तर. फोनवरही सांगता आलं असतं, पण ताईच्या मते मी फोनवर मुद्द्याला यायला पाऊण तास घेतो. इथे निदान तुम्हाला खाली सरकवायची सोय आहे.

आधी गावाबद्दल, कारण पुण्या-मुंबईचे वाचक दर वेळी विचारतात. सावंगी (मेघे) हे वर्ध्याला लागून यवतमाळ रोडवर आहे. बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे) अशी आमच्याकडे कंसातली बरीच गावं आहेत. १९९० साली इथे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज सुरू झालं, २००५ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि बघता बघता शेताच्या बांधांवर मेस, झेरॉक्स आणि होस्टेलच्या पाट्या उगवल्या. इथल्या दवाखान्याचं नाव आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी तेव्हा इथून जाऊन-येऊन एका कॉलेजात बी.एससी.च्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायचो. २००८ सालची गोष्ट. विदर्भात लोडशेडिंग भरात होतं. घरी ब्रॉडबँड होतं, पण प्लॅन असा की फुकट डाउनलोड फक्त रात्री दोन ते सकाळी आठ. त्यामुळे माझा बराचसा अभ्यास गुरख्याच्या शिट्टीच्या साथीनं झालेला आहे. बायको म्हणायची, लोक पहाटे उठून देवपूजा करतात आणि हा माणूस राखाडी रंगाच्या बाहुल्या बघत बसतो. बाहुल्या राखाडी यासाठी, की आमच्या लाइनवर सेकंड लाइफचे रंग यायला दहा-पंधरा मिनिटं लागायची. तोवर सगळं जग ओल्या सिमेंटचं दिसायचं.

हे सेकंड लाइफ काय, ते नव्या पोरांना सांगायला हवं. २००३ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या लिंडन लॅब या कंपनीनं ते सुरू केलं. पडद्यावर एक त्रिमितीय जग. त्यात तुमचा एक अवतार. तो चालतो, उडतो, दुसऱ्या अवतारांशी बोलतो. गेम म्हणावा तर त्यात जिंकायचं काहीच नाही. ठोकळे, गोळे, नळकांडी अशा मूळ आकारांतून घर, खुर्ची, गाडी, वाटेल ते तिथल्या तिथे बनवायचं. ('अवतार' हा आपला शब्द, पण कॉम्प्युटरवरच्या बाहुलीसाठी तो ऐंशीच्या दशकात लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट'मुळे रूढ झाला. आपल्याकडे तो परत आला तेव्हा त्याचा उच्चार 'अ‍ॅवटार' झालेला होता. असो.)

आणि मूडल? ते अगदी वेगळ्या स्वभावाचं प्रकरण. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा मार्टिन डुगियामास नावाचा माणूस विद्यापीठात वेबसीटी हे विकतचं सॉफ्टवेअर सांभाळायचा, त्याला कंटाळून त्यानं स्वतःचं लिहिलं. ऑगस्ट २००२ मध्ये मूडलची १.० आवृत्ती आली. फुकट, मुक्त, कुणीही आपल्या मशीनवर टाकावं. त्यात हजेरीपट, नोट्स, चर्चा, असाइनमेंट, चाचणी आणि गुणांचा तक्ता. भाची ज्याला एलएमएस म्हणते ते हेच, किंवा याचंच एखादं विकतचं भावंडं. या डुगियामासबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. त्याचं लहानपण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या वस्तीत गेलं आणि तो शाळा शिकला ती रेडिओवरून. 'स्कूल ऑफ द एअर' म्हणतात त्याला. शेकडो मैलांवर बसलेली मास्तरीण शॉर्टवेव्हवर हजेरी घेणार आणि पोरं आपापल्या घरून 'हजर' म्हणणार. हजेरी आहे, पण वर्ग नाही. मूडल उघडलं की मला अजूनही तोच रेडिओ आठवतो.

म्हणजे एकीकडे जागा आणि दुसरीकडे रजिस्टर. भाचीच्या कमिटीला हे दोन जोडायचे आहेत. त्यात नवीन काही नाही, आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

खरं तर सुरुवातीला ही दोन्ही एकाच घरात राहत होती. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झरनं 'प्लेटो' नावाची कॉम्प्युटरवर शिकवायची यंत्रणा सुरू केली. सत्तरच्या दशकात तिचे नारिंगी रंगाचे, बोटानं स्पर्श करता येणारे पडदे आले. हो, टचस्क्रीन, तेव्हा! विद्यार्थी तिथे रसायनशास्त्राचा पाठ करायचे, चाचणी द्यायचे, गुण नोंदले जायचे. १९७३ मध्ये त्यावर चर्चेची पानं आणि एकाच वेळी अनेकांनी गप्पा मारायची सोय आली. आणि त्याच पडद्यावर, पाठ संपला की (किंवा संपायच्या आधीच) पोरं भुयारांत शिरून राक्षस मारायची. 'डीएनडी' नावाचा खेळ १९७५ च्या आसपासचा आणि नंतरच्या एका खेळाचं तर नावच 'अवतार'. पाठ आणि भुयार एकाच यंत्रात होते, तरी एकमेकांशी बोलत नव्हते. मास्तरांच्या दृष्टीनं भुयार म्हणजे वाया गेलेला वेळ.

पुढे घरं वेगळी झाली. १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' लिहिलं. नुसत्या अक्षरांचं जग, 'उत्तरेला जा' असं टाइप केलं की पुढच्या खोलीचं वर्णन यायचं. १९९० मध्ये पावेल कर्टिसनं लॅम्डामू काढलं, ज्यात राहणारेच नव्या खोल्या बांधू शकत. मग शिक्षकांचं लक्ष गेलं. एमआयटीत एमी ब्रुकमननं १९९३ मध्ये मीडियामू सुरू केलं आणि पुढे लहान मुलांसाठी असंच जग बनवलं, जिथे मुलं प्रोग्रॅम लिहून प्राणी, घरं, पात्रं तयार करायची. रजिस्टरवाले मात्र स्वतंत्रपणे वाढत होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडात वेबसीटी आणि अमेरिकेत ब्लॅकबोर्ड आलं. विद्यापीठांनी पैसे मोजले ते या दुसऱ्या घराण्यासाठी. साहजिकच आहे. कुलगुरूंना तक्ता समजतो, भुयार समजत नाही.

गंमत अशी की मूडलचं जाहीर तत्त्वज्ञान रजिस्टरचं नाहीच. दुसऱ्यांना बघता येईल अशी एखादी वस्तू बनवताना माणूस सगळ्यात चांगलं शिकतो, अशा विचारावर डुगियामासनं ते उभं केलं होतं. ब्रुकमनच्या कामामागेही हाच विचार. वर्ध्याच्या माणसाला हे ऐकून काय आठवेल ते सांगायला नको. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि डिसेंबरात तिचा अहवालही आला. मातृभाषेतून सात वर्षांचं मोफत शिक्षण, आणि ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं. टकळीवर सूत काततानाच गणित, भूगोल, इतिहास शिकायचा. नई तालीम ती हीच. त्या योजनेवर सगळ्यात जास्त टीका झाली ती एका मुद्द्यावर. पोरांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च, निदान मास्तरांचा पगार, निघावा असं गांधीजींचं म्हणणं होतं. टीकाकार म्हणाले, मग ती शाळा की कारखाना? टीकेत तथ्य होतं असं मलाही वाटतं. पण एक कबूल करायला हवं, की वस्तू बनवायच्या शाळेला जागा लागते, अवजारं लागतात, आणि त्याचे पैसे कोण देणार हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवला. आपण तो सोयीनं शेवटी ठेवतो.

आता जोडणीकडे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाचा जेरेमी केम्प आणि स्कॉटलंडचा डॅनियल लिव्हिंगस्टोन यांनी मिळून स्लूडल काढलं. सेकंड लाइफ अधिक मूडल, म्हणून स्लूडल. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला सेकंड लाइफवाल्या शिक्षकांचा मेळावा झाला, त्यात त्यांनी ही कल्पना मांडली, आणि पुढे ब्रिटनच्या एड्युसर्व्हनं पैसेही दिले.

हे चालायचं कसं ते सांगतो, कारण भाचीच्या कमिटीपुढे जे काही येणार आहे ते याचंच चकचकीत रूप असणार. सेकंड लाइफमधल्या वस्तूंना छोटे प्रोग्रॅम चिकटवता येत. तो प्रोग्रॅम इंटरनेटवरून आपल्या मूडल सर्व्हरला निरोप पाठवायचा आणि उत्तर आणायचा. त्यावर त्यांनी अवजारं बनवली. दारात एक नोंदणीची टपरी. तिला हात लावला की हा अवतार मूडलमधला अमुक विद्यार्थी, अशी गाठ पडायची. एक बोलका खांब, त्याच्याजवळ झालेलं बोलणं मूडलच्या चॅटमध्ये उमटायचं आणि मूडलवरचं तिकडे. ज्याचा कॉम्प्युटर ते जग पेलू शकत नाही, त्यालाही घरून वर्गातलं ऐकू यावं म्हणून. (हे ज्याला सुचलं त्याला माझा दंडवत. आमच्या अर्ध्या पोरांचे कॉम्प्युटर त्यातलेच होते.) एक असाइनमेंटची पेटी, तिच्यात बनवलेली वस्तू टाकली की मूडलमध्ये तारीख-वेळेसह जमा झाल्याची नोंद. आणि सगळ्यांची लाडकी चाचणीची खुर्ची. तिच्यावर बसायचं, मूडलमधले प्रश्न समोर येणार. उत्तर बरोबर, खुर्ची वर. चूक, खुर्ची खाली.

आम्ही ते करून पाहिलं. मी, माझा एक सहकारी आणि तिसऱ्या वर्षाची अकरा पोरं. मूडल कॉलेजच्या लॅबमधल्या एका जुन्या मशीनवर. सेकंड लाइफमध्ये खातं फुकट असायचं, पण काही कायम ठेवायचं तर जमीन हवी. सार्वजनिक सँडबॉक्समध्ये ठेवलेली वस्तू काही तासांत परत पाठवली जायची. जमीन विकत घ्यायला डॉलर आणि क्रेडिट कार्ड लागायचं, आमच्याकडे दोन्ही नव्हतं. एका परदेशी विद्यापीठातल्या मास्तरांना ईमेल टाकली. त्यांनी आपल्या बेटाचा एक कोपरा वापरायला दिला. फुकट. ओळख ना पाळख. त्या काळचं इंटरनेट असं होतं, त्याची आठवण काढली की माझा आवाज आपोआप म्हाताऱ्यासारखा होतो.

पोरांचं काय झालं? मूडलवर ती यायची नोट्स उतरवायला, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री. चर्चेच्या पानावर पूर्ण सत्रात नऊ पोस्ट पडल्या, त्यातल्या पाच माझ्या. पण पहाटेच्या त्या बेटावर ही पोरं येत होती. होस्टेलमधून, सायबर कॅफेवाल्याला पटवून, एकाच मशीनवर तिघं बसून. देवळीचा एक अतिशय अबोल मुलगा होता. वर्गात नाव पुकारलं तरी खाली बघायचा. खुर्चीवर त्याची सलग उत्तरं बरोबर येत गेली आणि तो इतका वर गेला की आम्हाला दिसेना. खाली सगळे अवतार माना वर करून उभे. मग चॅटमध्ये त्याचं एक वाक्य आलं, "सर, उतरू कसा?" वर्षभरात त्यानं मला स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

त्याच मुलानं असाइनमेंट म्हणून बैलबंडी केली. आकार, कोन, फिरणं यांची गणितं वापरून काहीही बनवा असं मी सांगितलं होतं. बाकीच्यांनी मोटरसायकली केल्या. यानं बंडी केली, दोन चाकांची, आऱ्यांसकट, जू असलेली, आणि चाकं खरोखर जमिनीवरच्या अंतराइतकीच फिरत होती, घसरत नव्हती. परीघ आणि अंतराचं नातं ज्याला कळलं नाही त्याला हे जमत नाही. बैल केले नाहीत. विचारलं तर म्हणाला, "बैल जमत नाही सर, ठोकळ्याचे दिसते." त्यानं बंडी पेटीत टाकली, मूडलमध्ये नोंद झाली, मी दहापैकी आठ दिले. दोन गुण बैलांचे कापले होते. आज त्याची लाज वाटते.

२००९ च्या उन्हाळ्यात त्या मास्तरांची ईमेल आली. त्यांचा प्रकल्प संपला होता, बेट सोडावं लागणार होतं, तारीखही दिली होती. आमच्या परीक्षा चालू होत्या. मी ईमेल वाचली तेव्हा ती तारीख उलटून गेली होती. बंडी पेटीत होती, पेटी त्या जमिनीवर होती. नकाशावर त्या जागी नुसतं पाणी.

त्यात कुणाचाच दोष नव्हता. आणि असे आम्ही एकटेच नव्हतो. तेव्हा सेकंड लाइफमधल्या पूर्ण बेटाला महिन्याला २९५ डॉलर पडायचे आणि शिक्षणसंस्थांना जवळजवळ निम्मी सवलत होती. ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीनं जाहीर केलं की जानेवारी २०११ पासून नव्या आणि नूतनीकरणाच्या करारांना ती सवलत नाही. जगभरच्या विद्यापीठांच्या विभागांत तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा, बजेट आधीच मंजूर झालेलं असताना. काहीजण ओपनसिम या मुक्त सॉफ्टवेअरकडे गेले. २००७ पासून चालू झालेलं हे सेकंड लाइफसारखंच, पण आपल्या मशीनवर चालणारं जग. बरेचजण कुठेच गेले नाहीत. २०१३ मध्ये कंपनीनं सवलत परत आणली, तोवर मास्तरांचा उत्साह दुसरीकडे, मूक नावाच्या व्हिडिओ-कोर्सेसकडे वळला होता. स्लूडलही हळूहळू मागे पडलं.

त्यानंतरची यादी मी अलीकडेच वहीत केली. गूगलनं शाळांसाठी काढलेलं एक्सपिडिशन्स, पुठ्ठ्याच्या चष्म्यातून पोरांना सहलीला नेणारं, २०२१ च्या जूनअखेर बंद. मायक्रोसॉफ्टकडचं अल्टस्पेस, मार्च २०२३ ला बंद. मोझिलाचं हब्स, ब्राउझरमध्येच उघडणारी त्रिमितीय खोली, मे २०२४ अखेर कंपनीनं बंद केलं. त्याचा कोड मात्र खुला होता म्हणून काही मंडळींनी ते चालू ठेवलं आहे. मधल्या काळात फेसबुकनं २०२१ मध्ये नाव बदलून मेटा केलं, तेव्हा इथे काही जणांनी मला अभिनंदनाच्या कमेंट टाकल्या होत्या, जणू माझंच काही खरं ठरलं. सेकंड लाइफ स्वतः अजून चालू आहे, हे मात्र नोंदवायला हवं. आणि मूडलही आहे, आमच्या भागातल्या कॉलेजांतही.

याची कारणं म्हणून लोक हेडसेटनं येणारी चक्कर, महाग मशीनं, स्लो नेट सांगतात. खरी आहेत ती. पण माझा अनुभव असा की पोरं स्लो नेटला बधली नाहीत, पहाटे चारला आली. ती जोडणी सुटली ती वेगळ्या जागी. रजिस्टर आमच्या लॅबमधल्या मशीनवर, आमच्या मालकीचं होतं आणि जागा दुसऱ्याची, भाड्याची. भाडं थांबलं की जागा जाते, आणि रजिस्टरमध्ये त्या जागेवर झालेल्या गोष्टीचा आकडा तेवढा उरतो.

विनोबांचं नाव लक्षात ठेवा म्हणालो होतो ते यासाठी. १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं, त्याआधी आणि त्यानंतरही त्या माणसाचं घर आमच्या पवनारला, धाम नदीच्या काठी. जमीन कुणाची, हा प्रश्न घेऊन देशभर पायी फिरलेल्या माणसाच्या जिल्ह्यात बसून मला कॉम्प्युटरमधल्या जमिनीबाबत तो सुचू नये! पहाटे दोनला उठत होतो, तरी सुचला नाही.

आता डिसेक्शनचं. भाची २०१९ च्या बॅचची. नवा अभ्यासक्रम लागू झालेली ती पहिली बॅच. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं आणि ही मंडळी पहिल्या वर्षाचं अर्धं डिसेक्शन टाकून घरी. आर्वीला ताईच्या घरी गच्चीवर, जिथे रेंज येते त्या कोपऱ्यात, ती फोनवर डिसेक्शनचे व्हिडिओ बघायची. एकदा मी विचारलं, कळतं का? म्हणाली, "मामा, कळतं सगळं. पण हात कुठे ठेवायचे ते कळत नाही." दुसऱ्या एका दिवशी म्हणाली की तिला फॉर्मॅलिनच्या वासाची आठवण येते, ज्या वासानं पहिल्या आठवड्यात तिला जेवण जात नव्हतं.

त्यामुळे त्रिमितीय शरीराच्या मी विरोधात नाही, हे कमिटीला सांग. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानं १९९४ मध्ये एका संपूर्ण पुरुषदेहाचे एकेक मिलिमीटरवर घेतलेले छेद, अठराशेच्या वर, अभ्यासासाठी खुले केले, पुढच्या वर्षी स्त्रीदेहाचे त्याहून बारीक. मृत्युदंड झालेल्या एका कैद्यानं दान केलेला तो पहिला देह. जगातल्या कितीतरी आभासी अ‍ॅनाटॉमीच्या मुळाशी ती चित्रं आहेत, आणि ती सार्वजनिक आहेत, म्हणून तीस वर्षांनंतरही आहेत. लंडनच्या सेंट जॉर्जेस आणि कोव्हेंट्री विद्यापीठानं २००८ च्या सुमाराला 'प्रिव्ह्यू' नावाचा प्रकल्प केला. त्यात पॅरामेडिकची पोरं सेकंड लाइफमध्ये गटानं जमायची, समोरच्या आभासी रुग्णाचं काय करायचं ते आपसात ठरवायची. त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. रुग्णाची गोष्ट, म्हणजे काय केलं तर पुढे काय होईल याचा सगळा आराखडा, त्यांनी सेकंड लाइफमध्ये कोंबला नाही. तो बाहेर, सर्वमान्य मापदंडानुसार ठेवला. जागा गेली तरी रुग्ण वाचला असता.

आपल्याकडेही सरकारी पैशातून व्हर्च्युअल लॅब्सचा प्रकल्प झाला आहे, त्यात आयआयटी मुंबई आणि पुण्याचं सीओईपी होतं. शाळांसाठीचं ओलॅब्स अमृता विद्यापीठ आणि मुंबईच्या सी-डॅकनं मिळून केलं. त्यात सगळे मिळून वावरायची जागा नाही, प्रत्येकजण एकटाच प्रयोग करतो. देखणंही नाही. पण उघडतं.

तर बाई, तू विचारलंस म्हणून. विकणारा माणूस आला की हृदय फिरवून दाखवेल, सगळे 'वा' म्हणतील. तू त्याला विचार, पोरांनी आत जे केलं ते बाहेर कशाच्या रूपात येतं? नुसते गुण, की केलेलं कामही? करार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ते कॉलेजच्या मशीनवर उघडतं का? उघडून दाखवा म्हणावं, आत्ताच, वायफाय बंद करून. आणि त्याच्या भाड्यासाठी कॉलेज कुठला खर्च कमी करणार आहे, हे त्याला नाही, कमिटीच्या अध्यक्षांना विचार. देहदानाच्या जनजागृतीचा असेल तर तिथे बोल. सगळ्यात लहान आहेस, तेवढा फायदा घे.

हे लिहिता लिहिता कपाट धुंडाळलं. २००९ च्या मूडलच्या बॅकअपची सीडी सापडली, वर माझ्याच अक्षरात 'जपून' लिहिलेलं. धाकट्याच्या मदतीनं ती चालू केली. इतक्या जुन्या बॅकअपला नवं मूडल नाक मुरडतं, पण दोन आवृत्त्या मध्ये घालून उघडलं. अकरा नावं, हजेरी, माझ्या पाच पोस्ट, सगळं जागच्या जागी. असाइनमेंट क्रमांक ३, वस्तूचं नाव 'बंडी', पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी जमा, ८/१०. त्या नावावर टिचकी मारली तर पांढरं पान येतं.

तो मुलगा आता कुठे असतो ते देवळीच्या एका ओळखीच्यांकडून कळलं. फोन नंबर मिळाला आहे. अजून लावला नाही. दोन गुण वाढवून देण्याची सोय मूडलमध्ये आहे, ते आधी करून ठेवलं.